कुठली गोणी

तिसऱ्या वर्षाला आम्ही तिघंच होतो:
मी, घणसोलीचा हिराजी,
आणि पर्पेच्युआ, जी अर्थशास्त्राला नाव घालायला आली
आणि चुकीच्या रांगेत उभी राहिली.
कारखानीस बाई म्हणायच्या,
रांग चुकीची होती, हे कशावरून?

कोपरखैरण्याचं कॉलेज. जुन्या बाकांच्या खोलीला लागून वर्ग.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा, अर्धा.
उरलेला अर्धा इमारतींत गेला होता.
डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर आग:
अनुमानाचा धडा असाच सुरू होतो.
हिराजी म्हणाला, बाई, तो धूर नाही.
खाणीची धूळ आहे. आमच्या पत्र्यावर रोज बसते.
बाईंनी खडू खाली ठेवला,
बराच वेळ बाहेर बघत राहिल्या,
म्हणाल्या, आज एवढंच पुरे.

मग एकदा ढीग आला.
एक दाणा काढला तरी ढीग ढीगच ना?
अजून एक? अजून एक?
मग नेमक्या कुठल्या दाण्याला ढीग संपतो?
फळ्यावर गहू होता. वहीत मी कांदे केले.
माझे अण्णा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी.
रात्री त्यांना विचारलं, तर भाकरी मोडत म्हणाले,
"ढीग संपला की आमाला चा मिळतो.
तवा कळतंय."

मावशीला वाटायचं मी आता प्रवचनं करणार.
शेजारच्यांना वाटायचं, बिचारीला मार्क कमी पडले.
पर्पेच्युआ आता ठाण्यात कर्जवसुलीचे फोन करते
आणि रात्री मला फोन करून विचारते,
खरं बोलून घाबरवलं तर ते खोटं का गं वाटतं?
हिराजीचे टँकर आहेत.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भावकी भांडते तेव्हा
तो म्हणे मध्येच विचारतो, "आपलं" म्हणजे काय?
दोनदा मार खाल्लाय त्यानं.

अण्णांची पाठ गेली ती गेल्या माघात.
मी अर्ज घेऊन खिडकीपाशी.
साहेबांनी चष्मा वर केला:
"अपघाताची तारीख?"
तारीख नाही, म्हटलं.
"मग कुठली गोणी उचलताना झालं?"

आणि माझ्या वहीतले सगळे कांदे
एकदम काउंटरवर सांडले.
म्हटलं, साहेब, एकेचाळीस वर्षांच्या गोण्या आहेत.
त्यातली कुठलीही एक काढा.
पाठ वाचते का सांगा.
अजून एक काढा.
कुठल्याच एकीनं मोडली नाही,
म्हणून ती मोडलीच नाही, असं म्हणायचं का?

साहेब म्हणाले, मॅडम, रकाना आहे.
मग म्हणाले, तुम्ही वकील का?
मग काहीच नाही म्हणाले.
पेनाला टोपण लावलं, परत काढलं,
मागच्या टेबलावरच्या बाईंकडे बघितलं.
मंजूर काही झालं नाही.
"गुरुवारी या, वर विचारतो."

तीन वर्षांत काय मिळालं असं कुणी विचारलं
तर मला ते टोपण आठवतं.
लावलं. काढलं.
ह्याचे पैसे मिळत नाहीत.

बाहेर लिंबाखाली अण्णा कठड्याला टेकून बसले.
सरळ बसता येत नाही त्यांना.
चहा बशीत ओतला, प्यायले नाहीत.
"पोरी, तुझं त्ये कांद्याचं…
मंग पयली गोणीबी त्यात धरायची का गं?"
धरायची, म्हटलं.
"बटाट्याची व्हती. ओली.
सुतळी निसटली, तर मुकादम हसला.
मी इकडं सोळाचा, तिथं अठराचा लिवला."

मग चहावर साय धरेपर्यंत गप्प.

"पयली सांगतो की साहेबाला.
शेवटची न्हाई आठवत."